सुंदर मनाच्या हिरॉइनी आणि आम्ही चौघी

पार्लरमध्ये दिवसभरात दोन गोष्टी साचतात. केस आणि किस्से. केस संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र तिथंच राहतात. आरशामागं, खुर्चीखाली, कुठंही! पंधरा वर्षं झाली मला गोंदियात पार्लर चालवून. अलीकडं तर निम्मे किस्से गिऱ्हाइकांचे नसतातच. आमचेच असतात, आम्हा चौघींचे, आणि तेही सिनेमापायी.

मंगळवारी पार्लर बंद. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर लावलेला टीव्ही त्या दिवशी आमचा. मी वनिता. प्रज्ञा माझी पार्टनर, नवरीचा मेकअप सगळा तिच्याकडं. कुंदा शेजारच्या गाळ्यात ब्लाउज शिवते. आणि रंजना एस.टी.त कंडक्टर, मूळची अर्जुनी मोरगावची. तिची सुट्टी मंगळवारीच. आम्हाला आवडतात प्रेमाचे, हसवणारे सिनेमे. त्यातही एक ठरलेला प्रकार, ‘रूपात काय आहे, मन सुंदर पाहिजे’ असं शिकवणारे. आवडतात म्हणजे त्यांच्याशी भांडायला आवडतं.

कारण त्या सिनेमांच्या भाषेत आम्ही चौघीही ‘मन सुंदर’ गटातल्या. रंजना काळी. कुंदा जाडी. प्रज्ञाच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग. आणि माझे पुढचे दोन दात दारातून माझ्याआधी आत येतात!

*

पहिलाच सिनेमा. कॉलेजातली हुशार मुलगी, जाड भिंगांचा चष्मा, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. कोणी ढुंकून बघत नाही. मग मैत्रीण येते, वेण्या सोडते, चष्मा काढून ड्रॉवरमध्ये टाकते. मुलगी जिन्यावरून खाली उतरते, पंखा नसताना केस उडतात आणि हिरोच्या हातातला ग्लास खाली पडतो.

“आयब्रो आणि ब्लो ड्राय,” प्रज्ञा म्हणाली. “पाऊण तासाचं काम. यासाठी तीन वर्षं रडली ही?”

तेवढ्यात रंजना ओरडली, “थांबव, थांबव!”

“का झालं?”

“अवो, हिच्या चष्म्याचा नंबर माह्यापेक्षा मोठा होता! मले चष्म्याबिना समोरच्या गाडीची पाटी वाचता येत नाही. अन् हिले जिन्याखालचा हिरो दिसून राहिला? पायरी तरी दिसते का तिले?”

आम्ही सिनेमा मागं नेऊन पाहिला. रंजनाचं बरोबर होतं. आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्या मुलीनं चष्मा लावलाच नाही. बागेत नाही, गाडी चालवताना नाही. रंजनाचा जीव टांगणीला! लग्नाचा सीन आला, नवरीनं दोन्ही हातांत हार धरला, तशी ही खुर्चीवरून उठलीच.

“बाई, खात्री करून घे! तोच आहे ना?”

*

कुंदाचा किस्सा वेगळा. एका सिनेमात हिरॉइन जाडी होती. जाडी, विनोदी, मनानं सोन्यासारखी. सगळे तिला हसतात, ती सगळ्यांना खाऊ घालते. पुढं ती बारीक होणार हे आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

कुंदाचं मात्र खाणं थांबलं. हातातला आलुबोंडा तसाच, डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होती. मला वाटलं, बाईला लागलं वाटतं मनाला. मी म्हटलं, “कुंदा, दुसरा लावू का?”

“थांब वं. मले तिची कंबर पाहू दे.”

उठून टीव्हीजवळ गेली. पडद्यावर बोट ठेवलं. “हे पाह्य. बसली का पोटाले घडी पडली पाहिजे. हिच्या पोटाले घडीच नाही! अन् इथं काखेत शिवण दिसून राहिली. हे पोट नाही बाई, हा फोम आहे!”

वीस वर्षं बायकांची मापं घेणारी बाई ती. तिला कोण फसवणार? जाडी हिरॉइन दाखवायची म्हणून एका काडीसारख्या पोरीला फोम बांधून उभं केलं होतं.

कुंदा परत येऊन बसली. अर्धा आलुबोंडा एका घासात संपवला आणि म्हणाली, “एवढ्या मोठ्या देशात यांले एक जाडी बाई नाही भेटली! मले सांगितलं असतं तं मीच गेलो असतो. फोमचा खर्च वाचला असता!”

*

रंजनाला पाहायला अर्जुनीला पाहुणे आले होते. तिनं सुट्टी काढली, मीही सोबत गेले. मुलगा, त्याची आई, मावशी. मावशीच जास्त बोलत होती.

“रंग जरा दबलेला आहे. पण आमचं असं आहे बाई, आमी रंग नाही पाहत. आमी मन पाहतो.”

हे तिनं पोहे खाताना एकदा, चहा पिताना एकदा आणि उठता उठता दोनदा सांगितलं. रंजनाचे वडील प्रत्येक वेळी मान खाली घालून “होय ना, होय ना” म्हणत होते. त्यांचा तो चेहरा मला आजही आठवतो. जसं काही त्यांच्याकडून मोठी चूक झाली होती आणि पाहुणे उदार मनानं माफ करत होते!

मग रंजनानं मुलाकडं पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस, बंद खोली, आणि गडी डोक्यावर क्रिकेटची टोपी घालून बसलेला.

“भाऊ, टोपी काढता का जरा?”

मुलाची आई म्हणाली, “राहू दे ना, त्याले सवय आहे.”

“नाही, आमी बी मनच पाहतो,” रंजना म्हणाली, “पण टोपी काढा.”

मुलानं काढली. आत सगळं मैदान साफ! मावशी लालबुंद झाली. रंजना अगदी सरळ म्हणाली, “टक्कल चालते मले. त्यात का आहे? पण माह्या रंगाची माफी चार वेळा झाली अन् तुमची टोपी तशीच! हे नाही चालत.”

लग्न काही झालं नाही. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम हसायला लागले म्हणे, ठसका लागेपर्यंत.

चार-सहा महिन्यांनी तोच मुलगा रंजनाच्या गाडीत चढला. उघड्या डोक्यानं. “एक गोंदिया द्या,” म्हणाला. तिनं तिकीट दिलं. तो उतरताना म्हणाला, “टोपीनं गरमी लई होत होती, मॅडम.”

*

आता माझी एक कबुली. प्रज्ञा माझ्याकडं आली त्याला आठ वर्षं झाली. तिच्याइतका हलका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. तरी पहिल्या महिन्यात मी तिला आत, पडद्यामागं बसवलं होतं. “तिथं गार वाटते,” असं कारण दिलं. खरं कारण तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. बायका तिचे हात पाहून हळूच विचारायच्या, “लागते का हे?” कोड एकाचं दुसऱ्याला लागत नसतं, पण मी ठामपणे सांगायच्या ऐवजी विषय बदलायचे.

एक दिवस सकाळी आले तर पडदाच नाही!

“धुवायला काढला,” प्रज्ञा म्हणाली. संध्याकाळी कुंदाकडून त्याचे दोन एप्रन शिवून घेऊन आली. एक स्वतः घातला, एक माझ्या हातात दिला. “धुताना वाटलं, एवढं चांगलं कापड, लटकवून कायले ठेवायचं?”

मी एप्रन घातला.

दुसऱ्याच दिवशी एक बाई तिच्या पुढ्यात बसली आणि तोच प्रश्न. “लागते का हे?”

“नाही लागत ताई,” प्रज्ञा धाग्याचा पीळ सोडवत म्हणाली. “लागत असतं तं सगळ्यात पहिले वनिताले लावलं असतं!”

*

एका मंगळवारी आंधळ्या हिरोचा सिनेमा लागला. हिरोला दिसत नाही, तो हिरॉइनच्या आवाजावर आणि स्वभावावर प्रेम करतो. तिच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग. पुढं त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, ती लाजून पळून जाते, तो तिला शोधून काढतो आणि म्हणतो, “मी तुझं सुंदर मन पाहिलं आहे.”

कुंदाच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. रंजना नाक पुसत होती. मी प्रज्ञाकडं वळून म्हटलं, “पाह्य, असं असते. तुझंही मन किती सुंदर आहे!”

मला वाटलं, ती हसेल. ती चिडली.

“माहं मन का सुंदर आहे? मी भांडकुदळ आहे. माह्या वहिनीशी मी वर्षभर बोललो नाही. गिऱ्हाईक उशिरा आलं तं मी मनातल्या मनात शिव्या देतो. तुले माईत आहे ना?”

“अगं, पण...”

“गोऱ्या पोट्टीले कोणी विचारत नाही, तुहं मन कसं आहे म्हणून. ती चिडली तं ‘नखरेवाली’, लाडानं! अन् माह्या चेहऱ्यावर डाग आहेत म्हणून मी मन बी धुऊन-पुसून ठेवायचं? काऊन? दंड आहे का हा?”

पडद्यावर हिरो-हिरॉइन पावसात नाचत होते.

रंजना म्हणाली, “तुह्या वहिनीशी बोलत जाय पण.”

“नाही बोलत, जा!”

*

त्यानंतर मी भिंतीवरच्या बोर्डावरून ‘गोरेपणाचं फेशियल’ ही ओळ पुसून टाकली. गिऱ्हाइकी कमी होईल अशी भीती होती, आणि सुरुवातीला झालीही. पण त्या ओळीखाली प्रज्ञाला उभं करून तेच विकायचं, हे मला आता जमेना.

एक बाई पुसलेली जागा बघून म्हणाली, “दीदी, वो हटा दिया? तो वो नया वाला करते हो क्या? इनर ब्यूटीवाला?”

मी काय सांगावं विचार करत होते. कुंदा सुईत दोरा ओवून घ्यायला आली होती, तिनंच उत्तर दिलं.

“इनर का? माह्याकडं या. अस्तर लावून देतो!”

*

गोंदियाजवळच्या मुर्री गावातलं लग्न. दुपारचा मुहूर्त. नवरी स्नेहल, मुलगा राइस मिलमध्ये सुपरवायझर. आठ दिवस आधी स्नेहलची आई पार्लरमध्ये येऊन माझ्या कानाशी लागली. स्नेहलच्या कानामागं, मानेवर, रुपयाएवढा पांढरा डाग आला होता. मुलाकडच्यांना सांगितलं नव्हतं. तो झाकायचा होता.

“अन् तुमची ती पार्टनर नका आणू. तिले पाहून लोकं इकडं बी पाहतीन.”

“डाग झाकायचं काम तिच्याइतकं मलेही येत नाही,” मी म्हटलं. “ती नाही तं मी बी नाही.” त्या सीझनची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. बोलताना मनात तोच हिशेब चालू होता, खोटं कशाला सांगू!

आई शेवटी म्हणाली, “बरं. पण मागच्या दारानं या.”

हे मी ऑटोत प्रज्ञाला सांगितलं. ती उतरली, मेकअपची पेटी उचलली आणि भर मांडवातून सरळ चालत गेली. “रामराम काका. मेकअपवाली आहो मी. नवरी कोणत्या खोलीत बसली?” तीन जणांना विचारलं!

खोलीत ती रंग कालवत होती. स्नेहल आरशातून तिच्याकडंच बघत होती.

“ताई, तुमी स्वतःले नाही लावत हे?”

“माहं कुठं लग्न आहे आज?”

स्नेहल हसली. मग एकदम रडायला लागली. “त्याले सांगू का मी?”

मला वाटलं, आता प्रज्ञा सिनेमातल्यासारखं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “ते तू ठरव. झाकायचं तं चांगलं झाकून देतो, नाही झाकायचं तं मेहनत वाचते. फक्त रडणं पहिले उरकून घे. काजळ राहिलं आहे.”

स्नेहलनं डोळे पुसले आणि भावाला पाठवून नवऱ्या मुलाला बोलावून घेतलं. आई दारात आडवी आली, पण तोवर तो फेटा सांभाळत आत आला होता. स्नेहलनं केस वर उचलले आणि मान दाखवली.

तो वाकून बघत राहिला.

“हे?” तो म्हणाला. “हे तं मले साखरपुड्यातच दिसलं होतं. फोटोले मी मागंच तं उभा होतो.”

“मंग बोलले काऊन नाही?”

“मले वाटलं, तुलेच माईत नसन! मागच्या बाजूनं आहे ना. मी कायले सांगू अन् तू टेन्शन घेशीन!”

आई मटकन पलंगावर बसली. प्रज्ञा म्हणाली, “भाऊ, आता बाहेर निघा. मले काजळ लावू द्या.”

स्नेहलनं केस उंच बांधून मागितले. मान पूर्ण उघडी, वर गजरा. रंग कालवलेली वाटी तशीच राहिली.

लग्न लागलं. स्टेजवर फोटो सुरू झाले. काका झाले, मामा झाले, मिलमधले झाले. तेवढ्यात स्नेहलची आई गर्दीतून आली, प्रज्ञाचा हात धरला, सगळ्यांसमोर धरला, आणि तिला वर नवरीशेजारी नेऊन उभं केलं.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला, आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, “दीदी, टेन्शन मत लेना. कम्प्यूटर में सारे दाग साफ कर दूँगा.”

प्रज्ञानं पदर नीट केला.

“एक भी कम हुआ ना भैया, तो गिनके वापस लूँगी!”