चाचांचा खिसा

मी पहाटे धावतो त्या मारेगावच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरीही धावतात. त्यांच्या मागून सायकल दुरुस्तीवाले चाचा धावायचे. साठी उलटलेली, पायजमा मोज्यात खोचलेला. धावता धावता पोरींच्या बुटांवर नजर. "लेस बांध बेटा, चेन उतरन."

धावणं संपलं, की खिशातून अँटिऑक्सिडंट गोळ्यांची डबी निघायची. रोजा सोडताना खजूर वाटावा तशी प्रत्येकीच्या तळहातावर एक गोळी ठेवायचे आणि शेवटची स्वतः घ्यायचे. "मी घेतो तवापासून अंग दुखत नाही. तुमीबी घ्या."

एकीनं परवा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धावण्याचा जो ताण शरीरावर पडतो, त्यातूनच तरुण शरीर घडतं. रोज गोळी घेऊन तो दाबला, तर सरावाचा फायदा कमी होऊ शकतो. चाचांच्या वयाची गोष्ट वेगळी.

तिनं हे हसतहसतच सांगितलं. चाचांनी हातातली डबी बंद करून खिशात टाकली. मग एकेकीसमोर गेले. "मले वाटलं, जे मले लागते ते तुमालेबी लागन. माफ कर बेटा."

"जाऊ द्या ना चाचा," पोरी म्हणाल्या.

आज ते धावले नाहीत, कडेला उभे राहिले. धावून आलेल्या एका पोरीनं सवयीनं हात पुढे केला. चाचांचाही हात सवयीनं खिशात गेला. तिच्या लक्षात आलं, तशी ती ओशाळून निघून गेली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत चाचांनी खिशातला हात बाहेर काढला नाही. मी उगाच माझ्या बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसलो.