पेन्सिलीतला गरुड

“पेन्सिलने लिही, नंतर बघू.” राष्ट्रीयत्वाचा रकाना आला की ती हेच म्हणायची. कतारला, दोह्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कंपनीत मी एचआरला आणि ती ड्रॉइंग विभागात. मूळची मोल्दोव्हाची. आता मोल्दोव्हाची बाई मोल्दोव्हन, यात पेन्सिल कुठून आली? तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, ज्याच्या एका रकान्यापायी अख्खा फॉर्म अडतो.

आम्ही दोघी अबू हमूर भागात राहायचो, त्यामुळे ती रोज माझ्याच गाडीतून यायची. सिग्नल लागला की सुरू. तिची आई म्हणे आपण मोल्दोव्हन, आपली भाषाही मोल्दोव्हन. भाऊ म्हणे आपण शेजारच्या रोमेनियातल्यांसारखे रोमेनियनच, मोल्दोव्हन हे रशियनांनी चिकटवलेलं नाव.

“आणि दोघं भांडतात कुठल्या भाषेत?”

“एकाच. शब्द न् शब्द कळतो, म्हणून तर मिटत नाही.”

“मग तू कोण?”

“आईसमोर मोल्दोव्हन. भावासमोर गप्प.”

मी काच खाली केली. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, तरी केली.

एकदा ऑफिसात सगळ्या देशांचं एकत्र जेवण होतं. प्रत्येक पदार्थापुढे त्या त्या देशाचा कागदी झेंडा लावायचं काम माझ्याकडे होतं. तिच्या मक्याच्या सांज्यापुढे मी निळा-पिवळा-लाल झेंडा ठेवला. तो निघाला रोमेनियाचा. मोल्दोव्हाच्या झेंड्यावर मधोमध गरुड असतो. मी सॉरी म्हणेपर्यंत तिने पर्समधून पेन्सिल काढून पिवळ्या पट्ट्यावर गरुड काढलासुद्धा. तो बराचसा कोंबडीवर गेला होता. पण पुढे तो झेंडा कायम तिच्या टेबलावर राहिला.

मग दोह्यातलं काम संपत आलं आणि तिच्या विभागाला नोटीस मिळाली. एकच जागा उरली होती, आमच्या रोमेनियाच्या ऑफिसात, तीही तिथला पासपोर्ट असणाऱ्यासाठी. तिच्या आजोबांच्या जन्माच्या वेळी त्यांचं गाव रोमेनियात होतं. त्या कागदांवर मिळालेला पासपोर्ट तिच्या कपाटात पडून होता. फाइलमध्ये राष्ट्रीयत्व तेवढं बदलायचं, नाहीतर नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास.

रविवारी म्हणाली, “बदल.” सोमवारी, “थांब, आईशी बोलते.” मंगळवारी पुन्हा, “पेन्सिलने लिही.” असे तीन आठवडे. मी हात टेकले.

“अगं, पासपोर्ट आहे तुझ्याकडे. खोटं थोडंच लिहितोय?”

“खोटं नाही. पण आईला काय सांगू?”

मला तिचा राग यायचा आणि तिची काळजीही वाटायची.

मुदतीच्या शेवटच्या गुरुवारी ती आली. “रोमेनियन लिही.”

“पेन्सिलने?” मी खवचटपणे विचारलं.

“तुझा फॉर्म ऑनलाइन आहे. यल्ला, चल, दाब बटण.” आणि मी दाबेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

ती रोमेनियाला गेल्यावर तिचं टेबल आवरायला मीच गेले. ड्रॉवरमध्ये माझ्या नावाचं पाकीट होतं. आत तो झेंडा. गरुड तोच, कोंबडीसारखा, पण आता काळ्या पेनने गिरवलेला, एकेक पीस दाबून.

बाई गं, एवढं नक्की होतं तर तीन आठवडे माझं डोकं का खाल्लंस, असं मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, आणि मलाच रडू आलं.