अडतीस डिग्री आणि रंगूबाईचा फोटो

हारूनने आपले कापड विणायचे सगळे लूम भंगारात विकले, त्या दिवशी भिवंडीत कोणी रडलं नाही. हारूनही नाही. आयुष्यभर त्या खडखडाटात ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. आता घरात शांतता असेल म्हणून त्याची बायको जोहरा खूश झाली. ती खुशी जेमतेम आठवडाभर टिकली. मग हारूनने कपाटातून मामूने कुवेतहून आणलेला रीळवाला कॅमेरा काढला.

रीळ धुऊन देणारी दुकानं केव्हाच बंद पडली होती. हारूनने केमिकलं मागवली आणि स्वयंपाकघरातच कारखाना मांडला. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं, रंगीत रीळ धुणं सोपं आहे, फक्त डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं केमिकल, अडतीस डिग्रीला पाहिजे. जास्त तापलं तर रंग भलतीकडे जातात, गार झालं तर फोटो मेल्यासारखा दिसतो. तो माणूस बर्फाच्या मुलखातला, पाणी गरम कसं करायचं तेच शिकवत होता. मे महिन्यात भिवंडीच्या गच्चीवरची काळी टाकी काय चीज आहे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

पहिला बळी गेला जोहराचा भाऊ अरशद. त्याच्या वलिम्याची, लग्नानंतरच्या दावतीची, रीळ हारूनने नळाच्या पाण्यात बाटल्या ठेवून, बोट बुडवून, "कोमट आहे, चालेल" म्हणत धुतली. नवरी जांभळी आली आणि अरशद हिरवा. जोहराच्या आईने फोटो डोळ्यांजवळ धरून विचारलं, "दुल्हा बीमार था क्या?" अरशद बकरी ईदपर्यंत हारूनशी बोलला नाही.

मग मात्र हारून इरेला पेटला. घरातलं ताप बघायचं थर्मामीटर केमिकलात गेलं, ते फुटल्यावर लॅबवालं लांबलचक आलं. सुरमईसाठी आणलेला बर्फ टबात गेला आणि सगळ्या बाटल्यांना मासळीचा वास लागला.

"पाण्याला ताप आहे का, दहादा बघता," जोहरा म्हणाली. "माझा ताप कधी बघितलात?"

"तुझा ताप मलाच असतो," हारून म्हणाला आणि त्या दिवशी उपाशी राहिला.

डिसेंबरात शेलार गावचा केसरीनाथ आला. हारूनच्या कारखान्यात सुताची गाडी तोच आणायचा. त्याच्या आईला, रंगूबाईला, फोटो काढून हवा होता. तिची जाऊ नुकतीच वारली होती आणि घरच्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता.

हारून कॅमेरा घेऊन शेलारला पोचला, तेव्हा रंगूबाई हिरवं लुगडं नेसून, होतं नव्हतं ते सोनं अंगावर चढवून अंगणात खुर्चीवर बसली होती.

"जावेचा फोटू बघितलास?" ती म्हणाली. "चोरी करताना धरल्यासारखी दिसते. माझा मी जितेपणीच काढून ठेवणार. मोबाइलमधला नको, रीळवाला पायजे."

"जरा हसा, आई."

"मेल्यावर हसत काय बसायचं? काढ तू."

हारूनने उरलेली सगळी रीळ तिच्यावर संपवली.

धुवायला बसला तेव्हा कडाक्याची नसली तरी भिवंडीपुरती थंडी होती. टबात पाणी, पाण्यात हीटरचा रॉड. पारा अडतीसवर आल्यावर त्याने रॉड काढून ठेवला, डेव्हलपर रिळाच्या डब्यात ओतला आणि डबा टबात धरून हलवू लागला. तेवढ्यात लाइट गेली. रॉड आता निरुपयोगी आणि टबाचं पाणी निवायला लागलेलं. थर्मामीटर खाली सरकताना बघून हारूनच्या डोळ्यांसमोर मेल्यासारखी रंगूबाई उभी राहिली. ते तर ती खरोखर मेल्यावरही खपवून घेणार नव्हती.

"जोहरा! गरम पाणी!"

"कुठलं पाणी? गॅसवर भात आहे."

"भाताचं दे!"

जोहराने त्याच्याकडे असं बघितलं, जणू लूमवाल्या दिवसांची तिला आठवण येत असावी. पण तिने पातेलं उचललं, झाकण धरलं आणि उकळती पेज थेट टबात निथळायला लागली.

"हळू! हळू! सदतीस... साडेसदतीस... बस!"

"ओरडू नका. बिर्याणीचा भात आहे हा, मोडला तर तुम्हालाच खायला घालीन."

पेजेच्या वाफेत दोघं टबावर वाकून बसले. पारा घसरला की जोहरा न सांगता पळीभर ओतायची. पहिल्यांदाच तिने "आता काय होतं आत?" असं विचारलं.

धुऊन, वाळवून, छापून आणलेला फोटो घेऊन तो शेलारला गेला. लुगड्याचा हिरवा हिरवाच होता, सोनं पिवळं, कपाळावरचं गोंदण स्पष्ट. रंगूबाईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि फोटो उलटा करून मांडीवर टाकला.

"ही मी न्हाय. ही माझी सासू हाय. जन्मभर छळलं मला, आता फोटूत बी आली!"

हारूनचं तोंड उतरलं. केसरीनाथ म्हणाला, "आये, दुसरा काढू."

रंगूबाईने फोटो पुन्हा सुलटा केला. तिरका धरला, सरळ धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "चुलीसमोर लाव. आत्ताच. सुनांना बघून जरा धाक राहील."

केसरीनाथने खिळा ठोकला. धाकटी सून भाकरी थापता थापता वर बघून दचकली आणि तिची भाकरी वाकडी झाली. रंगूबाई एवढी मोठ्याने हसली की हारूनने झटकन कॅमेरा काढला. पण त्यात रीळच नव्हती.