मानसीच्या नावाने दिलेला नकार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. का नाही — याचं मला स्वतःलाच कुतूहल आहे. मी तशी पोटात काही न ठेवणारी बाई. मग हे एवढं कसं राहिलं?

मला डोकावायची खोड आहे, ते आधी सांगते. आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, डीमन नावाच्या गावात. इथले लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. ट्रामच्या स्टॉपवरून घरी येईपर्यंत कुणाकडे आज बटाटे उकडलेत हे मला कळलेलं असतं. प्रयोगशाळेत याच खोडीचा मला पगार मिळतो. घरात मात्र —

थांबा, आधी मानसी. माझी एकुलती एक मुलगी, हॉकीची गोलकीपर. इथल्या क्लबात सहाव्या वर्षी स्टिक धरली आणि त्याच जोरावर शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या कॉलेजात गेली. कोरोना आला तशी ती घरी परतली. शेवटचा सीझन बुडाला. ती जेवणाच्या टेबलावरून ऑनलाइन डिग्री पुरी करू लागली आणि तिचे ते भले मोठे पॅड बाल्कनीत वास मारत पडले. मग तिकडे नियम निघाला — बुडालेल्या सीझनच्या बदली खेळाडूंना एक वर्ष जास्त खेळता येईल. डिग्री तर संपत आलेली. म्हणजे दुसऱ्या एखाद्या कॉलेजात मास्टर्स करता करता ते वर्ष खेळायचं. कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची तिकडे यादीच असते. तीत नाव घातलं की प्रशिक्षक आपणहून लिहितात. मला हे फार अजब वाटलं. मास्टर्सची जागा आणि गोलमधली जागा एकाच मेलमध्ये? तिच्यापेक्षा जास्त मीच वाचत बसले त्यावर.

कॉलेजचा मेल-आयडी डिग्रीनंतर बंद होणार, म्हणून तिने त्या यादीत घरचा आयडी दिला. तो मी ती लहानपणी पोहायला शिकायला जायची तेव्हा उघडलेला. तिचे सगळे फॉर्म मीच भरलेत — पोहण्याचे, शाळेचे, खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीचे, दातांच्या डॉक्टरांचे. नाव तिचं, शब्द माझे. आपल्याकडे कोण नाही करत? ‘आई, तूच लिही ना’ हे तिने इतक्यांदा म्हटलंय, की तिच्या नावाने लिहिताना माझा हात कधी अडखळलाच नाही.

एका कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंशी तिचं बोलणं बरंच पुढे गेलं होतं. आठवड्याभरात कळवते, असं त्या म्हणाल्या होत्या. नेमका त्याच आठवड्यात मानसीला कोविड झाला. खोलीचं दार बंद. मी बाहेर पेज ठेवायची आणि कान लावून खोकला ऐकायची. मेल आली तर सांग, असं ती आतून म्हणाली होती.

मेल गुरुवारी दुपारी आली. जागा मानसीलाच दिली होती — गोलमधली आणि मास्टर्सचीही. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं होतं.

मी आधी काय केलं असेल? त्या कॉलेजचे फोटो पाहिले. मैदान, वसतिगृह, गावातली दुकानं. तासभर. ती कुठे राहील हे मला खरंच बघायचं होतं. मग मी नीट, नम्र उत्तर लिहिलं — आभारी आहे, पण पुढचं शिक्षण नेदरलँड्समध्येच घ्यायचं मी ठरवलं आहे. खाली मानसीचं नाव. पाठवलं, आणि दोन्ही मेल पुसून टाकल्या.

भीती होती का? होती. विमानं बंद, आणि पोर साता समुद्रापार आजारी पडली तर? शिवाय इथे मास्टर्सचा प्रवेश मिळालेलाच होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला, असंही वाटलं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. शिकायच्या वयात खेळायचं ते कशासाठी, हे मला कधी कळलंच नाही. पण यातलं सगळं मला त्या दाराबाहेर बसून तिच्याशी बोलता आलं असतं. ती ‘मी जाणार’ म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

रविवारी आम्ही इथली बौद्ध मंडळी तेव्हा झूमवर वंदना घ्यायचो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं की मी माइक बंद आहे ना ते बघायची. तो बंदच असायचा. चोराच्या मनात चांदणं.

मानसी बरी झाली. मेल आली का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने स्वतः का नाही लिहिलं त्या बाईंना? रोज वाटायचं, आज लिहील — भीती वाटायची आणि, सांगायला लाज वाटते, उत्सुकताही. पण ती मानी आहे. हवी असते तर कळवलं असतं, एवढंच म्हणाली.

त्या बाईंना तिने एका सामन्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. आता ते ती लॅपटॉपवर परत परत लावू लागली. तिच्यावर झालेल्या एकाच गोलपाशी थांबायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. चौथ्या दिवशी मला बोलावून दाखवलं. “बघ आई, लेफ्ट फुट. आय वॉज जस्ट टू स्लो.”

मी वाकून पाहिलं. म्हणाले, हो गं, जरासा.

तिचं मास्टर्स इथेच झालं, नोकरीही लागली. स्टिक तिने पुन्हा हातात घेतली नाही. हॉकी का सोडलीस, असं कुणी विचारलं की ती सांगते, माझा डावा पाय मंद पडायचा. हसत सांगते. तिचा पाय मंद नव्हता. मी बहुतेक वेळा शेजारीच बसलेली असते.