चहा सोडलेल्यांच्या लाळेतलं कॅफिन

"हे नमुने कोणाचे?"
"एडिसनच्या ग्रुपचे," प्रज्ञा म्हणाली.
"आणि यांनी कालपासून चहा घेतलेला नाही?"
"नाही, डॉक्टर. सगळ्यांनी शुअर सांगितलं."
"मग लाळेत कॅफिन काय आकाशातून पडलं?"

प्रज्ञा मेडिकलचं तिसरं वर्ष संपवून माझ्याकडे आली होती. आमच्या युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या मधोमध एक वर्ष बाजूला काढून फार्माकॉलॉजीची, म्हणजे औषधशास्त्राची, वेगळी डिग्री घेता येते. काही जण आवडीने येतात. बरेच जण पुढे चांगली रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरची हॉस्पिटलमधली ट्रेनिंगची जागा, मिळावी म्हणून येतात. ही दुसऱ्या गटातली, असं माझं आधीपासूनच मत होतं.

तिचा विषय साधा होता. म्हातारपणी शरीर कॅफिन किती वेगाने बाहेर टाकतं? त्यासाठी आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. सकाळी लाळेचा पहिला नमुना घ्यायचा. तो कोरा हवा. मग मोजून कॉफी पाजायची आणि दिवसभर लाळ तपासत राहायचं.

एडिसन आणि वेस्ट विंडसर या इथल्या दोन गावांतल्या वयस्कर मराठी मंडळींचे दोन ग्रुप होते. वेस्ट विंडसरच्या मंडळींचे पहिले नमुने कोरे होते. एडिसनवाल्यांचे मात्र नुकताच कप रिकामा करून आल्यासारखे. त्यात एडिसनच्या ग्रुपमध्ये साठे काकू होत्या, प्रज्ञाला लहानपणी सांभाळणाऱ्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. काकूंनी म्हणायचं, अगं, घोटभर चहाने काय होतंय, आणि हिने कानाडोळा करायचा. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कॉफीनंतरची लाळ हिनेच पहिल्या नळीत भरली असेल.

मी डिपार्टमेंटच्या हेडच्या कानावर घातलं.
"डेटा खोटा असेल तर आजच रिपोर्ट कर," तो म्हणाला.
"एक सेशन मी स्वतः बघते. मग करते."

रिपोर्ट म्हणजे रेसिडेन्सीच्या अर्जासोबत जाणाऱ्या डीनच्या पत्रात एक ओळ. ती ओळ वाचून कुठलीही चांगली रेसिडेन्सी प्रज्ञाला उभं करणार नव्हती.

शनिवारी तिला न सांगता मी पार्किंगमध्येच थांबले. एडिसनची व्हॅन आली. थर्मास नव्हता. मी डबेसुद्धा उघडायला लावले. थालीपीठ, लोणचं, दही. संशय घेण्यासारखं काही नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

तेवढ्यात साठे काकूंनी कपाळ दाबलं.
"चहा नाही ना, सगळ्यांचीच डोकी धरलीत."
त्यांनी पर्समधून बाटली काढली आणि प्रसाद वाटावा तशी एकेकाच्या हातावर गोळी ठेवली.

बाटली बघूनच मी ओळखलं. सवयीचा चहा एकदम बंद केला की डोकं दुखतं. आणि इथे डोकेदुखीच्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफिनही असतं, कारण त्याने गुण चांगला येतो.

"काकू, दर वेळी घेता ही?"
"मग काय! नाहीतर दिवसभर बसवतं का?"
"प्रज्ञाने औषधं विचारली नव्हती?"
"विचारली की. बीपीचं सांगितलं, शुगरचं सांगितलं. हे काय औषध आहे?"

आवाज ऐकून प्रज्ञा बाहेर आली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तुम्ही इथे का थांबला आहात?"
"तुझ्यावर संशय होता म्हणून."
"आय न्यू इट. किती दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हतात."

मला फार वाईट वाटलं. संशय घेतला याचं नाही, आधी तिच्यावर घेतला याचं. मी सॉरी म्हटलं. तिने मान हलवली, पण हसली नाही.

हेडला मी सगळं सांगितलं आणि रिपोर्टचा विषय तिथेच संपला. एडिसनचे सगळे नमुने मात्र बाद झाले. कुणाचं डोकं दुखलंच तर द्यायला कॅफिन नसलेली गोळी लॅबमध्ये ठेवली. प्रज्ञाने सगळ्यांना पुन्हा बोलावलं, आणि तिची डिग्री उशिरा, पण झाली.

त्या पुन्हा घेतलेल्या पहिल्याच सेशनला ती दारात उभी होती.
"पर्स उघडा, प्लीज. सगळ्यांनी."
काकूंनी उघडली. रिकामी. मग प्रज्ञा माझ्याकडे वळली.
"डॉक्टर, तुमचीपण."

माझ्या पर्समध्येही त्याच गोळ्यांची बाटली निघाली. तिने ती ड्रॉवरमध्ये टाकली.

तेव्हापासून मी पेशंटला 'औषधं कुठली घेता' एवढंच विचारून थांबत नाही. 'डोकं दुखलं की काय करता' असंही विचारते, आणि उत्तर ऐकूनही पर्स बघते.