सुनेच्या माहेरची केळ

मायबहिणींनो, हाताला अजून घासलेटाचा वास येतोय, तरी आजचं आजच सांगते.

लग्नात सून कुसुमने माहेराहून केळीची पिलं, म्हणजे बुडातले कोंब, आणली होती. त्यांची नवी पानं अरुंद, ताठ, एकाच जागी झुपक्याने येऊ लागली. देठावर गडद हिरव्या रेघा, बुडाशी मावा कीड. या रोगाला औषध नाही; मावा तो झाडाझाडांत नेतो आणि रोगट केळीच्या पिलांतही तो असतोच.

मी कोयता घेतला. कुसुम आडवी आली. "माझ्या बापाची केळ आहे, आधी मला तोडा!" मी तिला ढकललं, ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. रक्ताळल्या हातानेच मी तिला फरफटत आमच्या जुन्या केळींपाशी नेलं. तिथेही त्याच रेघा.

मग तिनेच माव्यावर घासलेट ओतलं, आम्ही दोघींनी केळींचे गड्डे खणले, तुकडे करून जाळले.

आता तोच कोयता घेऊन ती माहेरी गेलीय. उद्या तिच्या बहिणीचं लग्न आहे, पाठवणीची पिलं तिथे त्याच केळीची काढून ठेवलीत.

तुमच्या दारात कुठल्या सुनेची केळ आहे?