दुतियंपि

‘डोकं ठिकाणावर आहे का?’ असं गणिताच्या तासाला मी पोरांना उठता-बसता विचारायचे. जाफराबादच्या रस्त्यावर स्कूटी घसरली, डोकं आपटलं आणि तो प्रश्न माझ्यावरच उलटला. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मेंदूला हादरा बसलाय, वेळ लागेल, एवढंच डॉक्टर म्हणाले. ‘सात आठे’ म्हटलं की पुढचं सापडेना.

मग घरभर चिठ्ठ्या लावल्या. ‘गॅस बंद केला?’ ‘मीठ टाकलंय, पुन्हा नको.’ एका वेळी एकच काम, मध्ये दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं. चिठ्ठ्यांवर जगायचा मला भयंकर राग यायचा, तो नवऱ्यावर निघायचा. खरं तर मी घाबरले होते. परत कधी वर्गासमोर उभं राहता येईल की नाही?

गल्लीतल्या बुद्धविहारात रविवारची वंदना कित्येक वर्षं मीच घ्यायचे. दोन महिन्यांनी हट्टाने समोर बसले, चिठ्ठीशिवाय. आणि काय नवल! सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या बाईच्या तोंडून पाली ओळी आपोआप यायला लागल्या. मी थक्क होऊन स्वतःचाच आवाज ऐकत होते. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे त्रिसरण तीनदा म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा ‘दुतियंपि’ लावून, तिसऱ्यांदा ‘ततियंपि’. मी म्हणायचं, मागून सगळ्यांनी.

घरी येऊन म्हटलं, “बघा, एक अक्षर चुकलं न्हाई!”

वंदनेत मागे बसलेला नवरा चपला नीट लावत बसला. खोदून विचारल्यावर म्हणाला, “पाच वेळा दुतियंपिच म्हणून राह्यली होतीस तू.”

तशीच विहारात परत गेले. शेजारच्या मावशी सतरंज्या गुंडाळत होत्या.

“मावशी, मी चुकत होते, तर कुणी टोकलं का न्हाई?”

“कशाला टोकायचं? तू म्हणत गेलीस, आम्ही म्हणत गेलो. मंग आलीसच की बराबर ततियंपिवर.”

पन्नास-साठ माणसं होती. कुणी कापूस वेचून थकलेलं, कुणाचे गुडघे दुखणारे. पाचही वेळा सगळ्यांनी त्याच आवाजात म्हटलं होतं. कुणी हसलं नाही, कुणी अडखळलं नाही, म्हणून तर मला कळलंच नव्हतं. एवढी माणसं माझ्यासाठी थांबली होती! मी तिथेच बसून रडले.

सोमवारी सुट्टी संपवून शाळेत गेले. फळ्यासमोर उभी राहून पोरांना आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं, “मी चुकले तर टोका.” पहिल्याच गणिताला तिघांनी टोकलं. मी पुसलं आणि पुन्हा लिहिलं.